गणेशखिंडीची परिषद व पाहुणे संशोधक

परिषदेच्या निमित्तानें पुण्यास येणाऱ्या परगांवच्या संशोधकांकडून व संग्राहकांकडून आम्हांस वारंवार पृच्छा होते कीं, विद्यापीठाचें स्थान कोठें, आणि सभा सांभाळून दप्तरें पाहावयास सवड सांपडेल काय ? प्रत्येकास निराळें उत्तर धाडण्यापेक्षां तें येथेंच नमूद करितों.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ गणेशखिंडीस आहे. आगगाडीनें येणाऱ्यांस शिवाजीनगर स्टेशन जवळ पडतें. मात्र तेथें सर्वच गाड्या थांबत नाहींत. आवार ४०० एकरांहून अधिक असल्यामुळें निमंत्रणपत्रिकेंतील विभागाचें व सभागृहाचें नांव नीट टिपून घ्यावें. नुसत्या 'विद्यापीठ' एवढ्या पत्त्यावर विसंबून आम्ही एकदां वेशीवर उतरलों, आणि सभागृह गांठीपर्यंत अध्यक्षीय भाषणाचा उपसंहार तेवढा कानीं पडला.

मुख्य इमारत अवश्य पाहावी. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं १८६४ त ती आरंभिली, १८७१ त ती पुरी झाली, व पुढें कित्येक गव्हर्नरांचें पावसाळी वास्तव्य येथें होत गेलें. १० फेब्रुवारी १९४९ रोजीं विद्यापीठाची स्थापना होऊन बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु झाले. सांप्रतचें नांव २०१४ त मिळालें. परंतु आमच्या मतें इमारतीहून तिच्याकडे येणारा रस्ताच अधिक बोलका आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून याच निवासस्थानाहून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चाफेकर बंधूंनीं याच रस्त्यावर गोळ्या झाडल्या. त्यापूर्वीं ऐंशीं वर्षें, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, खडकीच्या लढाईंत पेशव्यांची फौज याच परिसरांत उभी होती. वाहनाच्या खिडकींतून यांतील कांहींच दिसत नाहीं, पायीं यावें.

आतां दप्तरांविषयीं. १९१९ ची पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भांडारकर संशोधन मंदिरांत भरली, तेव्हां सरकारी हस्तलिखितसंग्रह त्याच संस्थेच्या स्वाधीन होता. सभेंतून उठून पोथीपाशीं जाण्याची सोय होती. गणेशखिंडीस ती नाहीं. म्हणून परिषदेच्या दिवसांत एखादा तास काढूं, हा विचार सोडून द्यावा आणि एक दिवस आधींच यावें. पेशवे दप्तर कौन्सिल हॉलजवळ, म्हणजे पुणें स्टेशनच्याच बाजूस आहे; दूरच्या गाडीनें येणाऱ्यानें तेथेंच उतरून प्रथम तें पाहावें. भांडारकर मंदिर लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, आणि १९१० त स्थापिलेलें भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेंत. परवानगी पत्रानें आगाऊ मागावी, व पत्रांत नुसता विषय न लिहितां रुमालाचा किंवा पोथीचा क्रमांक लिहावा. हवें असलेलें पत्र सरदेसाईंच्या ४५ भागांत (१९३०–३४) छापलें गेलें आहे किंवा कसें, हें घरींच पाहून निघाल्यास उभयतांचा वेळ वांचतो.

संग्राहकांस एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. अस्सल कागद परिषदेंत आणूं नयेत. एका परिषदेंत एका वृद्ध गृहस्थांनीं घराण्याचीं मोडी पत्रें कौतुकानें मांडलीं. तीं हातोहात फिरलीं, चहाची वेळ झाली, आणि सायंकाळीं बांधतांना एक पत्र कमी भरलें. आम्हीं स्वतः बांकांखालीं शोधलें. तें सांपडलें नाहीं, आणि त्याची नक्कलही कोणीं घेतलेली नव्हती. छायाचित्रें आणावींत, शिक्का, मायना व पाठीवरील शेरा वाचतां येईल अशीं तीं असावींत, म्हणजे चर्चेस पुरे होतें.

परदेशांतून येणाऱ्या पाहुण्यांनीं जुन्या बाजारांत पोथी घेण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावें कीं, १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचें, ७५ वर्षें वा त्याहून जुनें हस्तलिखित खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेतां येत नाहीं.