मिलिमीटरचा शंभरावा भाग ओळखणारा हात

दोन सुटे भाग एकमेकांत नीट बसवणे, हे फिटरचे काम. ऐकायला सोपे, करताना कस पाहणारे. २५ मिलिमीटरच्या भोकात शाफ्ट मोकळा फिरावा, पण डुगडुगू नये, यासाठी ‘एच७-जी६’ हे माप नेहमी वापरतात. त्यात दोहोंमधली फट ७ ते ४१ मायक्रॉन राहते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो!

बेअरिंगला उलट घट्ट पकड लागते. ते शाफ्टवर चढवताना नवखा थेट हातोडा उचलतो. बाहेरच्या रिंगवर बसलेला घाव गोळ्यांमधून आत पोचतो, त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग अकाली आवाज करू लागते. जाणता फिटर ते साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. आतली रिंग किंचित प्रसरण पावते, बेअरिंग सहज सरकते आणि निवल्यावर शाफ्टला आवळून बसते.

ही समज कानशीपासून सुरू होते. आयटीआयमधला फिटरचा अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा. सुरुवातीला शेगड्यात पोलादाचा तुकडा धरून घासत राहायचे. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा. मग गुण्या लावून तुकडा उजेडासमोर धरायचा. पात्याखालून प्रकाश दिसला, तर तिथे जास्त घासले गेले. निळा रंग लावलेल्या सरफेस प्लेटवर तुकडा फिरवला की रंग उंचवट्यांना लागतो, घासायचे तेवढेच.

हाताला फोड आले की मुले विचारतात, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांच्या जमान्यात हे कशाला? सीएनसी भाग कापून देते. झिजलेल्या यंत्रात तो बसवताना कुठून किती काढायचे, हे माणसालाच ठरवावे लागते. म्हणून भोसरी-चाकणपासून वाळूज, शिरोलीपर्यंतच्या कारखान्यांना मुरलेला फिटर लागतोच.

आयटीआयनंतर १९६१च्या कायद्याखाली विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप करता येते. पुढे शिकायचे असेल, तर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाटही आहे.

दहावीचा निकाल लागला की ‘कुठेच नाही मिळाले तर आयटीआय’ असे घरोघरी म्हटले जाते. पालकांनो, हे म्हणणे सोडा. मुलाला किंवा मुलीला यंत्र खोलून पाहायची ओढ असेल, तर प्रवेश अर्जात फिटर ट्रेड पहिल्या पसंतीला लिहा.