सुट्टीतली उमेदवारी

दहावीची परीक्षा संपली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांत हल्ली इंटर्नशिपचा विषय निघतो. शोध सुरू होतो सरकारी योजनेपासून किंवा मोठ्या कंपनीपासून, आणि तिथेच अडतो. २०२४ साली आलेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली ती २१ ते २४ वयाच्या तरुणांसाठी. इस्रोचा ‘युविका’ नववीच्या मुलांसाठी असला तरी तो निवासी अभ्यासवर्ग आहे, कामाचा अनुभव नव्हे. मग ‘शाळकरी मुलांना कोणी घेत नाही’ असा समज पक्का होतो. मला तो चुकीचा वाटतो, कारण आपण शोधतोच भलत्या ठिकाणी. या गोष्टीला मराठीत जुना शब्द आहे, उमेदवारी, आणि ती जाहिरातीची वाट न पाहता जवळच्या जाणत्या माणसाकडे जाऊन मागायची असते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवताना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांचीच नावे घेतली आहेत. बारावीपर्यंतच्या मुलांना सुट्टीतही अशी संधी मिळावी, असे त्यात म्हटले आहे.

‘पण ही बालमजुरीच ना?’ ही शंका रास्त आहे, म्हणून कायदा नीट पाहायला हवा. २०१६च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्या व्यवसायात शाळा सांभाळून मदत करणे आणि कलाक्षेत्र असे मोजके अपवाद आहेत. १४ ते १८ वयोगटाला बंदी आहे ती धोकादायक कामांत. इतर कामांतही विश्रांती धरून दिवसाला सहा तासांची मर्यादा आहे, आणि संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी आठच्या आधी काम देता येत नाही. कोणी ‘इंटर्नशिप’ म्हटले म्हणून पालकांनी या मर्यादा सैल करू नयेत. डोंबिवली एमआयडीसीतले दोन मोठे स्फोट, २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, ऐन सुट्टीच्या महिन्यातले आहेत. घराजवळ आहे, ओळखीचे आहेत, एवढ्यावर रासायनिक कारखान्यात मूल पाठवणे मला अक्षम्य वाटते.

‘ओळखीशिवाय होत नाही’ हे अर्धेच खरे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. अशा संस्था, छापखाना, सीएचे कार्यालय, पशुवैद्याचा दवाखाना इथे स्वतः जाऊन विचारता येते. नकार येतील. पण ‘मला अमुक शिकायचे आहे, तीन आठवडे, रोज चार तास, पालकांची संमती आहे’ असे कागदावर लिहून नेलेल्या मुलाचे निदान ऐकून तरी घेतले जाते. याउलट मुलाकडूनच हजारो रुपये घेऊन प्रमाणपत्र देणारी ‘ऑनलाइन इंटर्नशिप’ हा सरळ विकत घेतलेला वर्ग आहे. त्या प्रमाणपत्राने अकरावीच्या गुणवत्ता यादीत, एमएचटी-सीईटीत किंवा नीटमध्ये एक गुणही वाढत नाही. परदेशी विद्यापीठे अर्जात अनुभव पाहतात, हे खरे. तिथेही काय केले ते मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते. राहिला मोबदल्याचा प्रश्न. पाहून शिकण्याचे पैसे मागू नयेत. पण पगारी माणसाचे काम मुलावर टाकले जात असेल, तर त्याचा मोबदला मागायला मुलाने आणि पालकांनी संकोचू नये.