आजारपणाची तरतूद : शिल्लक कीं विमा ?

आपल्या सोलापूर जिल्ह्यांत पूर्वीं अनेक घरीं ज्वारी सांठविण्याचें पेंव असे. सुगीचें धान्य त्यांत उतरविलें कीं गृहस्थ निश्चिंत होई. एक वर्ष पावसानें दगा दिला तरी घरांत भाकरी निघे. परंतु १९७२ सालीं महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला, तेव्हां एकेका घराची सांठवण पुरी पडली नाहीं. सरकारी दुष्काळी कामांवरच असंख्य चुली पेटत्या राहिल्या. आजारपणाच्या तरतुदीचेंहि असेंच आहे. कांहीं संकटें घरच्या सांठ्यावर निभावतात, कांहींस शंभर घरांची जोड लागते. हा भेद वेळीं न ओळखल्यास आधीं म्हैस विकली जाते, मग शेत गहाण पडतें आणि शेवटीं मुलीची शाळा सुटते.

प्रथम शिलकेचा विचार करूं. समजा, एखाद्या कुटुंबानें दरमहा ५०० रुपये बाजूस टाकिले, तर वर्षाअखेर ६,००० रुपये जमतात. ताप, दाढदुखी, चष्मा अशा नित्याच्या गोष्टींस ते उपयोगी पडतात. हा पैसा आपल्या हातचा असतो. कोणाची मंजुरी लागत नाहीं, आणि खर्च न झाला तर तो पुढील वर्षास उरतो. परंतु एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेस पांच लक्ष रुपये लागले, तर याच वेगानें ते जमण्यास त्र्याऐंशी वर्षांहून अधिक काळ लागेल ! आजार कांहीं इतका वेळ थांबत नाहीं.

परदेशांतील अनुभवहि हाच आहे. सिंगापूरनें १९८४ सालीं ‘मेडिसेव्ह’ योजना काढून नोकरदाराच्या पगाराचा कांहीं भाग त्याच्या वैद्यकीय खात्यांत ठेवण्याचा नियम केला. पण १९९० सालीं मोठ्या दुखण्यांसाठीं तिला विम्याची जोड द्यावी लागली. अमेरिकेंत २००३ च्या कायद्यानें आरोग्य-बचत खातीं निघालीं, तींहि विशिष्ट प्रकारचा विमा असणारासच उघडतां येतात.

विम्याचें तत्त्व निराळें आहे. शंभर कुटुंबांनीं वर्षास पांच-पांच हजार रुपये एकत्र केले, तर पांच लक्ष होतात, आणि ज्या एका घरावर घाला येईल त्यास ते देतां येतात. उरलेल्या नव्याण्णव घरांस पैसा परत मिळत नाहीं; परंतु तो वायां गेला असें म्हणूं नये. पुढील वर्षीं पाळी कोणाची, हें कोण सांगणार ?

आपल्याकडे विम्याचे तीन मुख्य प्रकार दिसतात. पहिला कामगारांचा. १९४८ च्या कायद्यानें कर्मचारी राज्य विमा योजना निघाली. १ जुलै २०१९ पासून वेतनाच्या शेंकडा पाऊण रुपया कामगाराचा व सव्वातीन रुपये मालकाचे, असें वर्गणीचें प्रमाण ठरलें. तींत औषधपाण्याखेरीज आजारपणांत बुडालेल्या वेतनाचा कांहीं भागहि मिळतो. परंतु स्वतःच्या शेतांत राबणाऱ्यास ती नाहीं.

दुसरा विकत घेतलेला विमा. सरकारी विमा कंपन्यांनीं १९८६ सालीं तो ‘मेडिक्लेम’ या नांवानें आणला. हप्ता दरवर्षीं मुदतींत भरावा लागतो. न भरल्यास संरक्षण तुटतें. आधींपासून मधुमेहासारखा आजार असल्यास तो लपवूं नये. अशा आजारासाठीं कंपनी जास्तींत जास्त तीन वर्षें थांबावयास लावूं शकते, असा नियम २०२४ सालीं झाला. कुटुंबाचा एकत्र विमा स्वस्त पडतो, पण त्याची रक्कम सर्वांत मिळून एकच असते.

तिसरा शासनाचा. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, व त्यांत आपला जिल्हा होता. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. २०२३ सालीं शासनानें ती राज्यांतील सर्व कुटुंबांस लागू करण्याचें व मर्यादा दर कुटुंबामागें वर्षास पांच लक्ष रुपये करण्याचें ठरविलें. कुटुंबास हप्ता भरावा लागत नाहीं. मात्र योजनेशीं जोडलेल्या रुग्णालयांत व यादींतील उपचारांपुरतीच ही मदत मिळते. म्हणून दाखल होतांच शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन तेथील आरोग्यमित्रास भेटावें.

सारांश, शिल्लक आणि विमा दोन्ही हवींत. प्रत्येकाचें काम वेगळें आहे. लहान दुखण्यास मंद्रूपचें ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. मोठ्या दुखण्यास शासनाची योजना, आणि ऐपत असल्यास तिच्या जोडीस विकतचा विमा. सोलापूरपर्यंतचें भाडें, सोबत्याचें जेवण, बुडालेली मजुरी, हा खर्च मात्र बहुधा आपल्यालाच सोसावा लागतो, त्यासाठीं शिल्लक.

विद्यार्थिमित्रांनो, या कामीं तुमचा वांटा मोठा आहे. शिधापत्रिकेवर आजी-आजोबांपासून तान्ह्या भावंडापर्यंत सर्वांचीं नांवें आहेत कीं नाहींत, तें आजच पाहा. घरीं विमापत्र असेल तर त्यांतील बारीक अक्षरें वडील मंडळींस वाचून दाखवा. शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातून इतकें झालें, तरी एखाद्या घरचें शेत वांचेल.