पितो एक, आजारी अख्खं घर!

व्यसनमुक्ती केंद्रात तो एकटा जातो, पण परत येतो त्याच जुन्या घरात. मग त्या घरावर उपचार कोण करणार? तुमच्या-आमच्या टू-बीएचकेत, दार लावून लपवून ठेवलेल्या दुखण्याबद्दल आणि त्यावरच्या फॅमिली थेरपी नावाच्या औषधाबद्दल...

ठाणे, डोंबिवली, कल्याण... यापैकी कुठूनही तुम्ही रोज लोकल पकडत असाल, तर ते स्टिकर तुम्ही कधी ना कधी वाचलेलं असणार. 'न सांगता दारू सोडवा!' खाली एक मोबाइल नंबर. औषध चहात मिसळा, आमटीत मिसळा, पिणाऱ्याला पत्ताही लागणार नाही म्हणे!

लेडीज डब्यात उभ्या उभ्या हे वाचताना मला नेहमी वाटतं, की या स्टिकरवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. दारू पिणारा स्वतः उपाय शोधत फिरत नाही. शोधत असते ती त्याची बायको, आई, बहीण, मुलगी. गिऱ्हाईक त्याने अचूक हेरलंय. माल मात्र चुकीचा आहे, आणि धोकादायकही!

कारण अशा पुडीत काय असतं, हे घेणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. डॉक्टर देतात ते डायसल्फिराम हे खरं औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, बीपी कोसळू शकतं. प्रसंगी जिवावरही बेतू शकतं. म्हणूनच ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून द्यायचं असतं. आमटीतून गुपचूप नव्हे!

आणि समजा पुडीने दारू सुटली, तरी घराचं काय? इतकी वर्षं दारूभोवती फिरायला शिकलेल्या त्या घराचं?

झाकपाक डिपार्टमेंट

माझी एक मैत्रीण डोंबिवलीत राहते. ठाण्यात नोकरी, हातात बरा पगार, वीकेण्डला मल्टिप्लेक्स... बाहेरून सगळं एकदम कूल! कॉलेजपासूनची आमची ओळख, पण तिने मला कधी घरी बोलावलं नव्हतं. का, ते खूप उशिरा कळलं. तिचे बाबा प्यायचे.

त्या घरात प्रत्येकाची ड्युटी ठरलेली होती. आई पैसे तांदळाच्या डब्यात लपवायची आणि रात्री दार उघडताना आधी वास घ्यायची. धाकटा भाऊ कानाला हेडफोन लावून बसायचा. आणि माझी मैत्रीण? बाबांच्या ऑफिसात 'त्यांना व्हायरल झालाय' असा फोन करायची. पगार झाला की बाबांची उधारी फेडायची. सोसायटीतल्या काकूंना हसून उत्तरं द्यायची. स्थळाचा विषय निघाला की शिताफीने टाळायची. थोडक्यात, झाकपाक डिपार्टमेंटची ती हेड होती!

हे सगळं प्रेमापोटीच चाललेलं होतं. पण त्याचा हिशेब मांडा. दारूचे पैसे लेक भरते, दांडीचं कारणही लेकच देते, सकाळी लिंबूसरबत बायको करते. मग दारूची किंमत पिणाऱ्याला मोजावी लागते कुठे? समुपदेशक याला सहव्यसन म्हणतात. एकाचं व्यसन दारूचं, बाकीच्यांचं त्याला सांभाळण्याचं!

जोडीला आपली खास मराठी समजूत असतेच. 'अहो, श्रावण कडक पाळतात ते. व्यसन असतं तर महिनाभर राहिले असते का?' पण महिनाभर दारू न घेणं हा व्यसन नसल्याचा पुरावा नाही. गटारीला मनसोक्त पिऊन श्रावणात बंद आणि पुढे मागल्या पानावरून चालू, असं वर्षानुवर्षं चाललं असेल, तर ते नियंत्रण नसून इंटरव्हल असतो. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथांचीही हीच गत. शपथ मोडली की दारूच्या जोडीला अपराधीपणा येतो, आणि तो बुडवायला पुन्हा दारू.

तो सुधारला, घर नाही!

मैत्रिणीचे बाबा शेवटी एका केंद्रात दाखल झाले. पूर्ण कोर्स करून घरी आले. सिनेमा असता तर इथेच 'समाप्त'ची पाटी आली असती. पण खरा घोळ तिथूनच सुरू झाला.

आई अजूनही दारात वास घ्यायची. त्यांना पाच मिनिटं उशीर झाला की फोन. खिसे तपासणं, बाथरूमच्या माळ्यावर हात फिरवून बघणं चालूच. बाबा म्हणाले, लाइटचं बिल मी भरून येतो. लेक पटकन म्हणाली, नको, मी ऑनलाइन भरते! बाबांना घरात परत जागा हवी होती आणि ती जागा कधीच भरली गेली होती. दहा वर्षांत घर त्यांच्याशिवाय चालायला शिकलं होतं. महिन्याभरात बाबांच्या तोंडी वाक्य आलं, 'विश्वास ठेवणारच नसाल तर पिऊनच येतो!'

केंद्राच्या समुपदेशकांनी मग सगळ्या घरालाच बोलावलं. मैत्रीण वही-पेन घेऊन गेली. बाबांना कसं थांबवायचं, त्याच्या टिप्स मिळतील म्हणून! तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : तू स्वतःसाठी शेवटचं काय केलंस? ती म्हणते, मला उत्तरच आलं नाही, रडूच आलं.

फॅमिली थेरपी म्हणजे नेमकं हेच. पेशंटविरुद्ध घरच्यांनी मांडलेली ती कोर्टकेस नाही. 'तुमच्यामुळे तो पितो' असा ठपकाही कुणावर ठेवला जात नाही. घराची घडी दारूभोवती कशी बसत गेली, ते सगळ्यांनी मिळून बघायचं आणि ती एकेक करून सोडवायची. मैत्रिणीच्या घरी ठरलेल्या गोष्टी ऐकायला साध्या होत्या. ऑफिसला खोटा फोन यापुढे कुणीही करणार नाही. बाबांची उधारी बाबाच हप्त्याने फेडतील. लाइटचं बिल आणि गॅसचा नंबर बाबांकडे. आईने वास घ्यायचा नाही, भीती वाटली तर तोंडाने सांगायचं. आणि भावाने आठवड्यातून एकदा तरी हेडफोन काढून सगळ्यांबरोबर जेवायचं!

बाबा त्यानंतर एकदा घसरले. पण या वेळी घरात ना रडारड झाली, ना झाकपाक. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सगळे समुपदेशकांकडे गेले. व्यसनाच्या आजारात घसरण होऊ शकते. तिला नापास झाल्याचा शिक्का न समजता वेळेवर मिळालेला इशारा समजायचं, हेही ते घर तिथेच शिकलं होतं.

पुण्यात पेटला दिवा

हे शहाणपण परदेशातून आयात केलेलं आहे असं समजू नका. मराठी माणसाला त्याची ओळख करून दिली ती पुण्याच्या 'मुक्तांगण'ने. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, व्यसनात अडकलेल्या तरुणांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकारातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. १९९७ साली त्या गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे हे काम सांभाळलं.

मुक्तांगणमध्ये पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा आधारगट उभा राहिला. नावच किती बोलकं आहे बघा! सोसणारी नाही, पहारेकरीही नाही... सहचरी. आपल्यासारखीच दुसरी एक बाई समोर बसून तेच सगळं सांगते, तेव्हा 'हे फक्त माझ्याच घरात घडतंय' ही लाज निम्मी तिथेच गळून पडते.

चेन्नईतल्या टीटीके हॉस्पिटलचा जन्म तर थेट एका पत्नीच्या दुःखातून झाला. नवरा दारूने गेल्यावर शांती रंगनाथन यांनी १९८० साली हे उपचारकेंद्र सुरू केलं. तिथेही घरच्यांसाठीचा कार्यक्रम हा उपचाराचाच भाग असतो.

आणि आपलं ठाणं? इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. 'ठाण्याला पाठवू का?' हा टोमणा महाराष्ट्रभर मारला गेला तो त्याच्यामुळेच. पण याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'आयपीएच' ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली आणि समुपदेशनाला जायचं म्हणजे वेडं असायला लागत नाही, हे सांगायला सुरुवात केली. डॉ. नाडकर्णी मुक्तांगणशीही अनेक वर्षं जोडलेले आहेत. म्हणजे टोमण्यातलं ठाणं आणि उपचाराचं ठाणं, दोन्ही आपलंच!

'पण तो यायलाच तयार नाही!'

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेला देशव्यापी पाहणी अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक देशात होते. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांमागे जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळाला होता. बाकीच्या ३७ जणांच्या घरांनी काय करायचं?

तर घराने आधी जायचं! अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांना शिकवण्याची एक पद्धत विकसित केली. तो शुद्धीत असतानाच बोलायचं, न प्यायलेल्या संध्याकाळी त्याच्यासोबत आवर्जून छान घालवायच्या, पिण्याचे परिणाम मात्र त्याचे त्याला भोगू द्यायचे आणि उपचाराचा विषय योग्य क्षणी काढायचा. उपचार नाकारणाऱ्या माणसांच्या १३० नातेवाइकांना घेऊन तिथे एक अभ्यास झाला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. ही पद्धत शिकलेल्या घरांतली ६४ टक्के माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून घेरायचं आणि जाब विचारायचा, या पद्धतीत हाच आकडा ३० टक्के होता. आणि गंमत म्हणजे, कोणत्याही पद्धतीने मदत घेतली तरी नातेवाइकांची स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती सुधारली होती. तो येवो न येवो!

नवरा-बायकोसाठी आणखी एक छोटासा फंडा आहे. टिमोथी ओ'फॅरेल यांच्या जोडप्यांसाठीच्या थेरपीत रोज ठरलेल्या वेळी दोन मिनिटांचं बोलणं असतं. तो म्हणतो, काल प्यायलो नाही, आजही पिणार नाही. ती म्हणते, थँक्यू. बस्स! मागच्या दहा वर्षांचा पाढा नाही, उद्याची शंकाही नाही. ते सगळं सेशनमध्ये बोलायचं. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर तीही याच वेळी तिच्यासमोर घ्यायची. म्हणजे गोळी तीच असू शकते, पण एका घरात ती आमटीत लपवली जाते आणि दुसऱ्या घरात दोघांच्या साक्षीने घेतली जाते. फरक औषधाचा नाही, नात्याचा आहे.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. घरात मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षितता, मग थेरपी. अशा वेळी दोघांना एकत्र बसवून केलेलं समुपदेशन बाईलाच महागात पडू शकतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, ११२ आहे. 'पिऊन होता म्हणून मारलं' ही सबब थेरपीतही चालत नाही.

खिशात ठेवा!

- रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर!
- २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक विकारही येतात. पेशंटला हक्क आहेत. मारझोड करणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या 'केंद्रां'पासून लांब राहा.
- केंद्र निवडताना विचारा : घरच्यांसाठी सेशन्स आहेत का? डिस्चार्जनंतरचा पाठपुरावा आहे का?
- गटारी, थर्टी फर्स्ट, चुलतभावाची हळद... धोक्याच्या तारखांचा प्लॅन आधीच करा. कोण सोबत असेल, किती वाजता निघायचं, ग्लास पुढे आला तर काय म्हणायचं.
- व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मनावरच्या कोणत्याही ताणासाठी टेली-मानस १४४१६.
- पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' हा गट १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. मुंबई परिसरातही त्यांच्या सभा भरतात. फी नाही, आडनावाची चौकशी नाही.

तर पुढच्या वेळी कुणासाठी 'व्हायरल झालाय' असा मेसेज टाइप करायला घ्याल, तेव्हा क्षणभर थांबा. तुम्ही वाईट मुलगी, वाईट बायको किंवा वाईट भाऊ आहात म्हणून नव्हे. तुम्ही दमला आहात म्हणून. ऑफिसच्या डेडलाइनसाठी आपण सुट्टी टाकतो, गोव्यासाठी टाकतो. एक शनिवार या घरासाठी टाका. तो नाही म्हणाला तरी चालेल. पहिली अपॉइंटमेंट तुमच्या नावावर घ्या!