कांदा चिरावा, तेल तापवावे : स्पॅनिशची ‘औपचारिक आज्ञा’

स्पॅनिशच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत खाण्यापिण्याचे शब्द अगदी सुरुवातीला येतात आणि ‘औपचारिक आज्ञार्थ’ बराच मागे, सब्जंक्टिव्ह नावाच्या बागुलबुवाच्या शेजारी. या क्रमामुळेच विद्यार्थ्याच्या मनात दोन ग्रह पक्के बसतात. एक, खाद्यपदार्थांची नावे म्हणजे सोपे काम, यादी पाठ केली की सुटलो. दुसरा, औपचारिक आज्ञार्थ अवघड, अपवादांनी भरलेला आणि कोणा बड्या साहेबाशी बोलायची वेळ आली तरच लागणारा. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. शब्द देशागणिक दगा देतात. आज्ञार्थ नियमाने वागतो, रोज लागतो, आणि मराठी वाचकाला तर तो ओळखीचा वाटायला हवा.

गोंधळाची सुरुवात नावापासून होते. ‘औपचारिक आज्ञा’ म्हटले की हुकूम डोळ्यांपुढे येतो. पण या रूपात मुळात हुकूमच नाही. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात (हा योगायोग नव्हे, दोन्ही शब्दांचे दूरचे कूळ एकच), आणि आदराने बोलायचे तर ‘उस्तेद’. हा ‘उस्तेद’ म्हणजे ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवशेष, आपल्याकडच्या ‘महाराज’ किंवा ‘सरकार’च्या जातीचा. समोरच्याला असे संबोधले की क्रियापद तृतीयपुरुषी होते, आणि तृतीयपुरुषाला थेट आज्ञा देता येत नाही. त्याने अमुक करावे अशी इच्छाच व्यक्त करता येते. म्हणून ‘तू’साठी लॅटिनमधून आलेले खरे आज्ञार्थी रूप टिकले, आणि ‘उस्तेद’साठी भाषेने सब्जंक्टिव्ह म्हणजे इच्छा दाखवणारे रूप वापरायला घेतले. मराठीने हेच काम विध्यर्थाकडून करून घेतले. ‘ये’ ही आज्ञा. ‘महाराजांनी यावे’ ही विनंती. ‘खाऊ नको’ आणि ‘खाऊ नये’ यांतला फरकही त्याच जातीचा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ‘बसावे’, ‘घ्यावे’ ही रूपे मराठी बोलण्यात आज थोडी जुनाट किंवा लग्नपत्रिकेतली वाटतात. स्पॅनिशचे ‘कोमा’ (खा, अर्थात ‘आपण’) तर हॉटेलात, दवाखान्यात, रस्त्यावर सर्रास ऐकू येते. बरोबर आहे. घडण ‘खावे’ची असली तरी बोलण्यातला सूर ‘खा ना’चा आहे. पण मराठी विध्यर्थ लेखनात मुळीच जुना झालेला नाही. आपल्या पाककृती आजही ‘कांदा बारीक चिरावा, तेल तापवावे, मोहरी घालावी’ अशा चालतात, आणि औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवावे’ असते. स्पॅनिश बाटलीवर त्याच जागी ‘आखितेसे आन्तेस दे उसार’ असते आणि पाकिटावर ‘कोन्सेर्बेसे एन लुगार फ्रेस्को इ सेको’, म्हणजे थंड व कोरड्या जागी ठेवावे. साम्य आणखी एक पायरी खोल जाते. मराठीत बटाटा ‘सोलावा’, बटाटे ‘सोलावेत’. स्पॅनिश पाककृतीच्या जुन्या वळणातही एक बटाटा असेल तर ‘पेलेसे’ आणि अनेक असतील तर ‘पेलेन्से’. क्रियापद कर्माच्या मागे धावते, आणि हे इंग्रजीतून समजावून घ्यायला निघालेला मराठी विद्यार्थी उगाच लांबचा वळसा घेतो.

आता कोणी म्हणेल, हल्लीच्या स्पॅनिश पाककृती अशा लिहीत नाहीत. खरे आहे, त्यांत एकच रीत नाही. कुठे नुसते मूळ क्रियापद देतात (‘पेलार’, सोलणे), कुठे कर्मणी वळण, कुठे वाचकाला सोबत घेणारे ‘आपण सोलतो’. व्हिडिओत तर बहुधा सरळ ‘तू’. पण छापील पाककृतींत, पाकिटांवर आणि सूचनाफलकांवर उस्तेदची रूपे जिवंत आहेत, आणि ती मूळ क्रियापदापेक्षा कधीकधी जास्त स्पष्ट असतात. लॅटिन अमेरिकेत ‘शिजवणे’ आणि ‘शिवणे’ या दोन्ही क्रियापदांचा उच्चार ‘कोसेर’ असा सारखाच होतो. आज्ञार्थात घोटाळा संपतो: शिजवा म्हणजे ‘कुएसा’, शिवा म्हणजे ‘कोसा’.

अपवादांची भीती तर निव्वळ मांडणीच्या दोषातून आली आहे. मूळ क्रियापदापासून निघालात तर पावलोपावली अनियमितता दिसते. ‘मी’च्या वर्तमानकाळी रूपापासून निघालात तर ती जवळजवळ नाहीशी होते: शेवटचा ‘ओ’ काढायचा, मूळ रूप ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदाला ‘ए’ लावायचा आणि बाकीच्यांना ‘आ’. मी कापतो ‘कोर्तो’, कापा ‘कोर्ते’. मी ठेवतो ‘पोंगो’, ठेवा ‘पोंगा’. मी आणतो ‘त्राइगो’, आणा ‘त्राइगा’. मी वाढतो ‘सिर्बो’, वाढा ‘सिर्बा’. या नियमात न बसणारी नेहमीची क्रियापदे पाचच: ‘बाया’ (जा), ‘सेआ’ (व्हा), ‘एस्ते’ (असा), ‘सेपा’ (जाणून घ्या) आणि ‘दे’. हा शेवटचा ‘दे’ मराठी कानाला एकेरी वाटेल, पण त्याचा अर्थ ‘द्या’. खरी मेहनत वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘मी तळतो’चे ‘फ्रीओ’ होते आणि त्यावरून ‘तळा’चे ‘फ्रीआ’. पण ‘फ्रीआ’ म्हणजे थंडही. ‘कालिएन्ते’ म्हणजे तापवा, आणि गरमही. ‘फ्रीआ ला सेबोया’ यात कांदा तळायचा आहे. शब्दक्रम उलटा करून ‘ला सेबोया फ्रीआ’ म्हटले तर तो थंड कांदा झाला. शब्द नामाच्या आधी की नंतर, एवढे पाहिले की वाक्य सुटते. शब्दकोश उघडून ते सुटणार नाही.

राहिला प्रश्न ही रूपे लागतात कधी याचा. ‘औपचारिक’ हा शिक्का अर्धाच खरा आहे. स्पेनमध्ये ‘तुम्ही’ या अनेकवचनाला घरगुती आणि आदरार्थी अशी दोन वेगळी सर्वनामे आहेत, पण लॅटिन अमेरिकेत एकच: ‘उस्तेदेस’. त्यामुळे मेक्सिकोतली आई आपल्या पोरांना जेवायला बसवते तेव्हा ‘कोमान’ म्हणते, आणि ते रूप पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने ‘औपचारिक’ असते. कोलंबियाच्या बोगोता परिसरात घरच्या माणसांतही ‘उस्तेद’ चालते. उलट स्पेनमध्ये अनोळखी तरुणांत पहिल्या वाक्यापासून ‘तू’. उस्तेदचे आज्ञार्थी रूप उद्धट वाटेल ही शंका इंग्रजीमार्गे शिकल्यामुळे येते, कारण इंग्रजीत ‘प्लीज’ नसलेली आज्ञा खटकते. स्पेनमध्ये फोन उचलून लोक ‘दीगा’ किंवा ‘दीगामे’ म्हणतात, म्हणजे ‘बोला’, आणि त्यात कोणाला हुकूम वाटत नाही. ‘दोन चहा द्या हो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे शिकवायला नको. मात्र मागणी आणखी मऊ करायची तर सगळीकडेच प्रश्नाचे वळण बरे: ‘पोंगामे उन काफे’ऐवजी ‘मे पोने उन काफे?’, कॉफी देता का? कोलंबियात तर ‘मे रेगाला उन तिन्तो?’ म्हणतात. शब्दशः ते ‘तिन्तो भेट देता का’ असे आहे, पण बिल येतेच.

आणि हा ‘तिन्तो’ कोलंबियात काळी कॉफी, स्पेनमध्ये लाल वाइन. शब्द दगा देतात म्हटले ते यासाठी. ‘तोर्तिया’ मेक्सिकोत मक्याची भाकरी, स्पेनमध्ये बटाटे घातलेले जाड ऑम्लेट. आव्होकाडोला मेक्सिकोत ‘आगुआकाते’, चिलीत ‘पाल्ता’. लॅटिन अमेरिकेत बटाटा ‘पापा’, स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी ‘पाताता’. इथे मराठी माणसाला खास खड्डा आहे. आपला ‘बटाटा’ पोर्तुगीज ‘बाताता’वरून आला, म्हणून पोर्तुगीजांच्या वाटेने आलेले शब्द स्पॅनिशमध्येही तसेच चालतील असे वाटते. पण स्पॅनिश ‘बाताता’ म्हणजे रताळे. ‘पान’ मागितले तर पाव मिळतो. अर्थात सगळीच नाती फसवी नाहीत: ‘आसुकार’ आणि साखर, ‘नारान्खा’ आणि नारिंग हे शब्द संस्कृतातून निघून फार्सी-अरबीच्या वाटेने स्पेनला पोचलेले आपलेच भाऊबंद. फक्त ओळख दिसली म्हणून अर्थ गृहीत धरू नये.

तेव्हा शिकण्याचा क्रम उलटा करून पाहा. आज्ञार्थ पहिल्या महिन्यातच ‘मी’च्या रूपांसोबत उरकून घ्या, आणि शब्दांच्या यादीत प्रत्येक पदार्थापुढे देशाचे नाव लिहा. पाककृती हाती आली की आधी ती कुठली हे पाहा. शाकाहारी असाल तर ‘मान्तेका’ या शब्दापाशी नक्की थांबा: आर्जेंटिनात ते लोणी असते, मेक्सिको आणि स्पेनमध्ये बहुधा डुकराची चरबी.