गारुड्याला किती बळ द्यावे?

देवळाच्या ओवरीत किंवा पाराच्या फरशीवर कोरलेला वाघ-बकरीचा पट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो डाव जरा आठवून पाहा. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला कुणालाच खाता येत नाही, तिने फक्त वाट अडवायची. इतकी विषम सैन्ये, तरी लोक पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले, कारण आशा दोन्ही बाजूंना असते. नेपाळात याच जातीचा ‘बाघचाल’ खेळतात. त्यात ४ वाघ, २० बकऱ्या आणि २५ ठिकाणे. ५ बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. संगणकाने हा डाव तळापर्यंत तपासला तेव्हा निघाले काय, तर दोघेही न चुकता खेळले तर बरोबरी!

मला आज सांगायचे आहे ते अशाच तोलाविषयी, पण खेळ जरा निराळा आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. त्यात एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. आपले पात्र काय करणार ते तोंडाने सांगायचे, आणि ते साधले की नाही हे फाशाने ठरवायचे. आरंभी पात्रांचे वर्ग तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. १९७५ साली त्यांत चोर आला. पण खेळणारा तेवढ्यावर थोडाच थांबतो? तो घरी बसून स्वतःचे पात्र बनवतो, आणि तिथेच भानगड सुरू होते.

आमच्या कॉलेजातल्या काही मुलांनी सुट्टीत हा खेळ मराठीत मांडला. गोष्ट नळदुर्गच्या किल्ल्यातली. बोरी नदी, बंधाऱ्याच्या पोटातला पाणी महाल, पावसाळ्यात कोसळणारे ‘नर’ आणि ‘मादी’ धबधबे. सूत्रधाराला आयतेच सामान. पात्रे होती धारकरी, हेर आणि वैद्य. वैद्याचे पात्र एका मुलीने घेतले होते. मग एका मुलाने स्वतःचा ‘गारुडी’ आणला. त्याने पुंगी वाजवली की समोरचे सगळे पहारेकरी झोपी जात, फासासुद्धा टाकावा लागत नसे. तिसऱ्या दिवशी ती मुलगी आलीच नाही. विचारले तर म्हणाली, “सर, कुणाला जखमच होत नाही. मी तिथं बसून काय करू?”

मुलगा वाईट नव्हता हो. त्याला आपले पात्र आवडत होते, एवढेच. म्हणून रागावण्याऐवजी आम्ही हिशेबाला बसलो.

एका पहारेकऱ्याचा जीव ७ धरला होता. धारकऱ्याचा वार फाशावर ४, ५ किंवा ६ पडले तरच लागतो, म्हणजे निम्म्या वेळा. लागला की पुन्हा फासा टाकून तेवढा जीव कमी करायचा. फाशाची सरासरी साडेतीन. तिची निम्मी पावणेदोन. म्हणजे एका खेपेला धारकऱ्याची कमाई सरासरीने पावणेदोन. तीन पहारेकऱ्यांचा जीव झाला २१. त्यासाठी त्याला सरासरीने निदान १२ खेपा तरी लागणार. गारुडी तेच काम एका फुंकरीत करत होता! हे कागदावर दिसले आणि तो मुलगा स्वतःच हसला.

मग कुणी म्हणाले, इतरांनाही जास्त बळ देऊ. हा उपाय मात्र करू नये. मग पहारेकरी चुटकीसरशी पडतात, म्हणून त्यांना वाढवायचे, मग पुन्हा पात्रांना, आणि याला अंत नाही. वाढलेल्याला कापावे, ते बरे.

आम्ही ठरवले की पुंगीने एकच पहारेकरी झोपेल, आणि तीही एका झुंजीत एकदाच वाजेल. एरवी गारुड्याने दगड मारावा. ५ किंवा ६ पडले तर लागेल आणि जीव १ कमी होईल. धारकऱ्याचा जीव १२, तर याचा ६. आता चार खेपांची झुंज धरा. धारकऱ्याचे होतात ७. गारुड्याचे पुंगीचे ७ आणि तीन दगडांचा १, मिळून ८. जमले म्हणायचे.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. झुंज दोनच खेपांत संपली तर? धारकरी साडेतीन, गारुडी सातावर. आणि आठ खेपा चालली तर धारकरी १४ वर जातो, गारुडी सव्वानऊच्या आसपास रेंगाळतो. म्हणजे तोल एकट्या पात्रात नसतो. झुंजी किती लांबतात, किती होतात, यावर तो फिरतो, आणि ते सूत्रधाराच्या हातात असते. सूत्रधार झालेल्या गुरुजींनी हे ध्यानात ठेवावे. झुंजी नेहमी छोट्याच ठेवल्या तर एकदाच चालणारी भारी शक्ती असलेला खेळाडू कायम पुढे राहील.

वैद्याचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटेना. तिची बरे करण्याची ताकद दुप्पट केली तरी जखमीच नसेल तर काय उपयोग? शेवटी गोष्टच बदलली. पाणी महालात तापाने फणफणलेला एक जुना पहारेकरी ठेवला. चोरवाट त्यालाच ठाऊक. तो झोपला तर वाट कळत नाही, मेला तरी कळत नाही. मुलगी परत आली, आणि त्या दिवशी अर्धा तास सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

तुम्हाला शाळेत हा खेळ मांडायचा असेल आणि फासा नसेल, तर कवड्या चालतील. पण हिशेब नवा करा. फाशावर ६ पडण्याचा संभव सहात एक. सहा कवड्या टाकल्या आणि प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी सारखीच पडते असे धरले, तर सहाही उताण्या पडण्याचा संभव ६४ त एक. शिवाय कवडी इतकी सरळमार्गी असतेच असे नाही. म्हणून आधी त्या सहा कवड्या पन्नास वेळा टाका, दर वेळी किती उताण्या पडल्या त्याच्या रेघा पाटीवर ओढा, आणि मग गारुड्याला पुंगी द्या.