अभ्यासासाठी खेळ बंद करू नका

परीक्षा जवळ आली की आपल्या वस्तीत पहिली कात्री लागते ती पोरांच्या खेळाला. "पेपर संपेपर्यंत खाली उतरायचं नाही." बॅट कपाटावर जाते, दोरी खुंटीला लटकते. घर दहा बाय बाराचं, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, आणि पोरगं चार तास पुस्तकासमोर. पुस्तकासमोर असतं, पुस्तकात नसतं. आईबापांना मी बोल लावत नाही. ज्या घरात आजोबांना शाळेसाठी झगडावं लागलं, त्या घरात शिक्षणाची घाई असणारच. पण नर्स म्हणून सांगते, खेळ तोडून वाचवलेला तो तास अभ्यासाला मिळतच नाही.

मूल पळतं तेव्हा हृदय जोरात चालतं, मेंदूला रक्त जास्त पोहोचतं. खेळून आल्यावर पुढचा काही वेळ लक्ष चांगलं टिकतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नऊ-दहा वर्षांची २० मुलं घेऊन हे पाहिलं. एकदा मुलं २० मिनिटं नुसती बसली आणि मग चाचणी दिली. दुसऱ्यांदा २० मिनिटं भरभर चालली आणि मग चाचणी दिली. चालल्यानंतर लक्ष देण्याच्या चाचणीत चुका कमी झाल्या आणि वाचलेलं जास्त समजलं. मुलं थोडी होती म्हणून त्याच गटाने पुढे मोठा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये छापून आला. सात ते नऊ वयाची २२१ मुलं होती. त्यातली निम्मी शाळा सुटल्यावर नऊ महिने रोज खेळली. त्यांचं लक्ष इकडेतिकडे जाणं कमी झालं, एका कामावरून दुसऱ्या कामावर मन वळवणं सुधारलं.

आता कोणी म्हणेल, मग नुसतं खेळूनच पोरगं पास होईल का? नाही होणार. पाढे पाठ करायला बसावंच लागतं. खेळाने काय होतं, तर ते बसणं कामी येतं. शिवाय दमलेलं मूल रात्री गाढ झोपतं, आणि दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेतच. मोबाईल बघत बारापर्यंत जागणाऱ्या पोराला सकाळी पाचला उठवून काय वाचणार ते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी. सलग तासभरच हवी असं नाही. शाळेत भरभर चालत जाणं धरा, मधल्या सुट्टीतली पळापळ धरा, संध्याकाळची लंगडी धरा. खर्चही नाही. खो-खोला ना बॅट लागते ना बॉल. त्यात बसलेल्या पोराने खो मिळेपर्यंत उठायचं नाही आणि मिळताच क्षणात उठायचं. मनाला आवरणं आणि क्षणात वळवणं, हाच तर अभ्यासाचाही सराव. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे, आणि दोन्ही संघ जिंकले.

'झुंड' सिनेमा वस्तीत बहुतेकांनी पाहिलाय. तो ज्यांच्या कामावर आहे ते विजय बारसे सर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. २००१ पासून त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं. मला त्याहून जवळचं वाटतं ते आपल्या मुंबईतलंच उदाहरण. कफ परेडच्या आंबेडकर नगरात वाढलेल्या अशोक राठोड या तरुणाने आजूबाजूची मुलं शाळा सोडताना पाहिली. २००६ मध्ये त्याने १८ मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातूनच ऑस्कर फाउंडेशन उभं राहिलं. तिथला नियम सरळ आहे: शाळेत गेला नाहीस तर फुटबॉल नाही. आपण घरात बरोबर उलटं करतो. अभ्यास झाला नाही म्हणून खेळ बंद, आणि खेळ बंद म्हणून अभ्यासाचाही कंटाळा. त्याने खेळ काढून घेतला नाही, त्याच खेळाच्या ओढीने पोरांना शाळेत धरून ठेवलं.

पण खेळायचं कुठे? हा प्रश्न मानखुर्दमध्ये टाळता येत नाही. लल्लूभाई कंपाऊंडच्या इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाऊंडमधली कोंदट घरं, कमी उजेड आणि टीबी यांचा संबंध 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात दाखवला गेला. अशा घरातल्या मुलाला संध्याकाळी खाली सोडणं म्हणजे त्याला हवा आणि उजेड देणंही आहे. मात्र देवनार डम्पिंगचा धूर उतरला असेल त्या दिवशी पळवू नका. २०१६ च्या जानेवारीतल्या आगीत इथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, आठवत असेल. धुराच्या दिवशी घरात दोरीशिवाय उड्या, सूर्यनमस्कार चालतील. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तपासणी मोफत आहे.

मैदान आणखी एक काम करतं, आजार दाखवतं. चार पोरं पळतायत आणि एक लगेच खाली बसतंय, धापा टाकतंय, त्याला आळशी म्हणू नका. खालची पापणी ओढून बघा. फिकट असेल तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५७ मुलींना रक्तक्षय निघाला. रक्त कमी असलं की वर्गातही डोळे मिटतात, आणि शिक्षक म्हणतात मुलगी लक्ष देत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलींनी दप्तरात ठेवू नये. जेवणानंतर घ्यावी, वर चहा पिऊ नये, लिंबू चालेल. शी काळी झाली तर घाबरू नका. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास जंताची गोळी देतात तीही घ्या. खेळताना चक्कर येऊन पडलं किंवा छातीत दुखलं तर मात्र त्याच दिवशी शताब्दीत न्या.

मुली बारा-तेराच्या झाल्या की त्यांचा खेळ कायमचाच थांबतो. परीक्षा नसली तरी. "लोक काय म्हणतील", "पाणी भरायचंय", "पाळी सुरू झाली". पाळीत खेळल्याने काही बिघडत नाही, उलट अनेकींची पोटदुखी हालचालीने कमी होते. पाण्याच्या रांगेत भावालाही उभं करा. एकटीला पाठवायची भीती वाटते ती खरी आहे, म्हणून चार घरच्या मुली एकत्र पाठवा आणि एक बाई आळीपाळीने तिथे बसा. विहाराचं अंगण संध्याकाळी तासभर मोकळं असेल तर तिथे दोरीच्या उड्या आणि लंगडी सहज होते.

आणि शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि वर्गागणिक खेळाचं साहित्य लिहिलेलं आहे. महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण निम्म्या बायका. म्हणजे तुम्हीच. बऱ्याच बायका सही करून परत येतात. पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा: खेळाचा तास वेळापत्रकात कुठल्या वारी आहे, तो गणिताला किती वेळा दिला जातो, आणि शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते.